भोपळ्याची फुलं मिटेपर्यंत

"…मग राहिलं तरी कुठलं औषध, बाबा? तेवढं सांगा!"

"एकही नाही राहिलं, बेटा. सगळी मारून झाली तुझी."

रहमतशा फकीर टेकडीवरच्या तकियात, म्हणजे फकिरांच्या मठीत, राहायचे. तकियामागं त्यांचा दोन गुंठ्यांचा भाजीमळा. भल्या पहाटे टेकडी चढून त्यांच्यापुढं उकिडवा बसला होता दिगंबर केंद्रे, खालच्या गावातला शिकलासवरलेला बागाईतदार. त्याच्या शब्दावर गावातल्या अकरा बायांनी बांधाबांधावर लाल भोपळा लावला होता. वेल माजले, फुलंही ढिगानं आली. पण फळ अंगठ्याएवढं झालं की पिवळं पडून गळायचं. बाया आता वाटेत दिसल्या तरी तोंड फिरवत. गड्याची झोप उडाली होती, पण ऐट काही उतरली नव्हती हो!

"माझ्या नेमात कसूर नाही," तो म्हणाला. "दर तिसऱ्या दिवशी फवारणी. दिवस उगवायला, गारव्यात. अकराही बांधांवर मी स्वतः जातो."

बाबांनी जपमाळ खाली ठेवली.

"दिवस उगवायला?…"

"हो!"

बाबांनी त्याचं मनगट धरलं आणि मळ्यात नेऊन वेलापुढं बसवलं. नुकतं फटफटत होतं. भोपळ्याची फुलं मिटेपर्यंत बाबा मळ्यात ना पाणी सोडत, ना खुरपं लावत, ना मोठ्यानं बोलत. त्यांची रीतच होती ती.

"किती वेळ बसू?"

बाबांनी नुसतं एका कळीकडं बोट दाखवलं.

एक फूल उलगडलं. मग दुसरं. आणि मग आली की फौज! मधमाश्या, काळे भुंगे, नावं ठाऊक नसलेलं बारीकसारीक काय काय. एका फुलात शिरायचं, पिवळं होऊन निघायचं, लगेच दुसऱ्यात घुसायचं. बघता बघता सगळा वेल घुमायला लागला.

एक मधमाशी दिगंबरच्या अंगठ्यावर टेकली. सवयीनं त्याचा दुसरा हात उठला.

"हलू नकोस."

हात तसाच राहिला. माशी नखावर जरा थांबली आणि उडून थेट समोरच्या फुलात गेली. त्या फुलाच्या बुडाशी बोराएवढा भोपळा होता.

दिगंबरनं उचललेला हात हळूच मांडीवर ठेवला. पंधरा वर्षं बागाईत केली, पण अरे देवा, हे त्यानं कधी बसून पाहिलंच नव्हतं!

"बाबा… मी नेमका यांच्याच वेळेला औषध मारत होतो…"

त्याचे डोळे भरून आले.

ऊन चढलं. फुलं मिटली. मळा गप्प झाला.

"आमच्या बांधांवर या माश्याभुंग्यांतलं एकही दिसत नाही आता," तो हळूच म्हणाला. "त्या बायांना काय तोंड दाखवू? मी करू तरी काय?"

बाबांनी खुरपं उचललं.

"जे पाहिलंस ते त्यांना सांग. आणि मळ्यात पाहुण्यासारखा राहा, बेटा. ही घरची माणसं परत येतील."