बंद करू नये

“...आणि ते मशीन कशासाठी आहे हेच जर कुणाला माहीत नसेल, तर ते हलवायचं कसं, महाराज?”

प्रश्न विचारणारा पुष्कर सबनीस होता. घाटाखालच्या एका दूध संघात कॉम्प्युटर खात्याचा प्रमुख. सदऱ्याला कडक इस्त्री, आणि मांडीवर एक जाडजूड फाईल. मठात लोक नारळ घेऊन येतात, हा फाईल घेऊन आला होता.

तात्या महाराज भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

एका बैराग्याला हे असलं का विचारायचं, असं कुणालाही वाटेल. म्हणून सांगतो. संन्यास घेण्याआधी महाराज एका विमा कंपनीचे सर्व्हर सांभाळत. सर्व्हर म्हणजे बंद खोलीत पंखे फिरवत बसलेली ती मोठी मशीनं, ज्यांच्यावर साऱ्या कचेरीचा कारभार चालतो. एका सकाळी त्यांना सगळीच्या सगळी मशीनं एकाच वेळी सुरळीत चाललेली दिसली. आता यापुढं नुसतं बिघडायचंच बाकी आहे, असं म्हणून त्यांनी राजीनामा दिला आणि येरळा नदीच्या काठी येऊन बसले.

पण त्या धंद्यातली माणसं त्यांना सोडीनात. दुसऱ्या मठांत लोक मूलबाळ नाही म्हणून येतात, आमच्याकडं सर्व्हर सुरू होत नाही म्हणून येतात.

“पहिल्यापासून सांग,” महाराज म्हणाले.

पुष्करला तेवढंच हवं होतं. त्यानं फाईल उघडली.

“संघाचे सगळे सर्व्हर जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवर आहेत. बनवणाऱ्या कंपनीनं आता तिच्यातून अंग काढून घेतलंय. पाडव्याच्या आत सगळं नव्या सिस्टीमवर न्यायचंय. नाही नेलं तर चेअरमन मला म्हणालेत...”

“काय?”

“‘मग ह्यापुढं सगळे सण घरीच करा, सबनीस.’”

“हं. बॅकअप घेतलास?”

“घेतला.”

“घेतात सगळेच. परत उतरवून पाहिलास?”

“पाहिला. नीट उतरला.”

“नव्यावर गेल्यावर बिघडलं, तर मागं यायला वाट?”

“जुनी मशीनं महिनाभर तशीच ठेवणार.”

“हलवणार कधी?”

“दुपारी. सकाळचं दूध घेऊन झालं की, आणि संध्याकाळचं यायच्या आत.”

महाराजांनी पहिल्यांदाच मान वर केली.

“चांगलं केलंयस.”

पुष्करचा चेहरा असा खुलला की विचारू नका. खरं तर एवढं ऐकायलाच तो घाट चढून आला असावा.

“जिल्ह्यात असा प्लॅन कुणी केला नसेल, महाराज.”

“नसेल. मग अडलं कुठं?”

“एका मशीनवर.”

आणि मग त्यानं ती हकिगत सांगितली. सर्व्हरच्या खोलीत, कपाटाच्या मागं, एक जुनं मशीन आहे. कुठल्याच यादीत नाही. त्याचा पासवर्ड कुणाकडं नाही. त्याची एक वायर भिंतीत शिरते आणि पुढं कुठं जाते ते भिंतीलाच ठाऊक. त्यावर एक कागद चिकटवलाय, ‘बंद करू नये’. अक्षर कुणाचं ते कुणी ओळखत नाही. आधीचे साहेब निवृत्त होताना पुष्करचा हात हातात घेऊन एवढंच म्हणाले होते, ‘त्याला तेवढं हात लावू नका.’ त्यांना त्यांच्या आधीच्या साहेबांनी तसंच सांगितलं होतं.

“आणि खंडेनवमीला?” महाराजांनी विचारलं.

पुष्कर जरा चपापला. “खंडेनवमीला सगळ्या मशीनांना एकेक फूल घालतो आम्ही.”

“आणि त्याला?”

“...हार. गुडघ्यापर्यंत येईल असा. पेढेही त्याच्यापुढंच ठेवतात. अकाउंटवाले तर लांबूनच हात जोडतात.”

“तू?”

पुष्करनं फाईलचा कोपरा नखानं खरवडला. “मीही जोडतो.”

महाराज हसले नाहीत. आम्ही मात्र तोंडं फिरवली.

“म्हणून म्हटलं,” पुष्कर हळूच म्हणाला, “तुमच्या हातचा थोडा अंगारा मिळाला, तर त्याला लावून...”

“अंगारा पंख्यात जातो,” महाराज म्हणाले. “अनुभव आहे.”

मग त्यांनी खांबाकडं बोट केलं. तिथं मठाचा विजेचा बोर्ड आहे. त्यावर बटणांची रांग आहे, आणि सगळ्यात कडेच्या बटणावर चिकटपट्टी लावून कुणीतरी लिहिलंय, ‘हात लावू नये’.

“हे कशाचं?” पुष्करनं विचारलं.

“माहीत नाही. मी आलो तेव्हापासून आहे.”

“मग?”

“बंद कर.”

“मी?”

“मग काय, पंचायतीचा ठराव आणू?”

पुष्करनं आमच्याकडं पाहिलं. आम्ही छताकडं पाहिलं. खोटं कशाला बोलू, इतक्या वर्षांत त्या बटणाला बोट लावायची आमच्यातल्या एकाचीही छाती झाली नव्हती.

त्यानं डोळे मिटले आणि बटण दाबलं.

...

काहीच झालं नाही. पंखा फिरत राहिला. स्वयंपाकघरात मठाचा स्वयंपाक करणाऱ्या गोदाक्कांचा रेडिओ चालू राहिला. देवापुढचा लामणदिवा तर तेलावरचा, त्याला कशाचीच फिकीर नव्हती.

पुष्करनं एक डोळा उघडला, मग दुसरा. मग तो चक्क हसला.

“बघा! काही नाही झालं. उगीच घाबरून बसलात इतकी वर्षं!”

“थांब,” महाराज म्हणाले.

...

महाराजांनी शेंगा सोलल्या. सुपात टरफलं पडत राहिली.

...

“अरेऽऽ! पाणी कुणी घालवलं रे?”

आवाज न्हाणीघरातून आला. आम्ही सगळे दचकलो, आणि पाण्यामुळं नव्हे. न्हाणीघरात नाईक वकील होते, आणि नाईक वकील मौन पाळायला मठात येऊन राहिले होते. आल्या दिवसापासून त्यांनी हूं की चूं केलं नव्हतं. जन्मभर कोर्टात बोलून थकलेला माणूस, आम्हाला त्यांचं मोठं कौतुक वाटे.

ते तसेच बाहेर आले. कमरेला पंचा, तोंडभर साबण, डोळे गच्च मिटलेले.

“कोण आहे तो गाढव? समोर आणा त्याला! कुठल्या कलमाखाली...”

“पंप,” महाराज पुष्करला म्हणाले. “न्हाणीघराच्या नळाला पाणी चढवणारा. चालू कर, आणि त्या चिकटपट्टीवर तसं लिहून टाक.”

पुष्करनं बटण दाबलं, खिशातलं पेन काढलं आणि ‘पाण्याचा पंप’ असं लिहिलं. एवढ्या गोंधळातही अक्षर सुंदर आलं.

स्वयंपाकघराच्या दारात गोदाक्का पदराला हात पुसत उभ्या होत्या. “म्हंजी वकीलसायेब बोलत्यात व्हय? मला वाटलं मुकंच हायती. बाई गं, आणि मी त्यांना खुणा करून वाढतीया.”

“वकिलांचं मौन उद्यापासून पुन्हा,” महाराज म्हणाले. वकील चाचपडत परत न्हाणीघरात गेले.

पुष्कर खाली बसला.

“म्हणजे मशीन बंद करायचं आणि कोण ओरडतं ते बघायचं.”

“आणि जो ओरडेल त्यालाच विचारायचं की हे कशाला आहे.”

“पण इथं साबण होता, महाराज. तिथं दूध आहे! टँकर दारात खोळंबला आणि दूध नासलं, तर चार गावची माणसं येऊन मला सोलून काढतील.”

“प्लग कुणाच्या हातात असणार?”

“माझ्या.”

“मग ओरडलं की लाव. दूध तेवढ्यात नासत नाही.”

“आणि कुणी नाहीच ओरडलं तर किती वेळ बंद ठेवू?”

“शेतकऱ्यांचं दूधबिल किती दिवसांनी निघतं?”

“दहा दिवसांनी.”

“मग दहा दिवस. एक बिल त्याच्याशिवाय निघू दे. निघालं, तर त्याला सोड आणि बाकीचं घेऊन पुढं जा.”

पुष्करनं पायावर डोकं ठेवलं आणि गेला. घाट उतरताना शीळ घालत होता म्हणे.

चौथ्या दिवशी परत आला.

त्याला पाहून मला धक्काच बसला. इस्त्री गेली होती, दाढी वाढली होती, आणि फाईल त्यानं आणलीच नव्हती. महाराज त्याच जागी बसले होते, पुढ्यात शेंगांचं पोतं.

“कोण ओरडलं?”

“कुणीच नाही, महाराज.”

“मग चांगलं झालं.”

“चांगलं काय झालं!” पुष्कर जवळजवळ रडकुंडीला आला. “दुपारी प्लग काढला. कागद फाडला. खोलीत इतकं शांत वाटायला लागलं की मला ते सहनच होईना. म्हटलं, कुणाचं तरी काहीतरी बंद पडलं असणार, बिचाऱ्यांना कळलं नसेल. म्हणून शीतकरण केंद्राला फोन केला. काही अडचण? म्हणे, नाही साहेब. मग अकाउंटला केला. मग गेटवर केला. मग गावोगावच्या संकलन केंद्रांना एकेक करून केला. मग परत शीतकरण केंद्राला...”

“मग?”

“मग चेअरमनचा फोन आला. घाबरून उभाच राहिलो. पण खोटं नाही सांगत, बरंही वाटलं. म्हटलं, ओरडलं एकदाचं कुणीतरी.”

“काय म्हणाले?”

पुष्करनं मान खाली घातली.

“‘सबनीस, तुमच्या खात्यातनं सगळ्यांस्नी सारखा फोन कोण करतंय हो? कुणाला काम करू द्यायला तयार न्हाई. बंद करा त्याला आधी.’”

कोपऱ्यात बसलेले नाईक वकील गदागदा हलायला लागले. मौन त्यांनी मोडलं नाही, पण खांद्यावरच्या पंचाचा बोळा तोंडात कोंबला.

“मग तू काय केलंस?” महाराजांनी विचारलं.

“मशीन परत चालू केलं.”

“किती वेळ बंद होतं?”

पुष्करनं भिंतीकडं पाहिलं.

“...पाऊण तास.”

महाराजांनी शेंग फोडली.

“आणि कागद?”

“नवा लावला. लॅमिनेट करून.”

मला त्याची फार दया आली. काम मनापासून करणारा माणूस. ज्या ज्या गोष्टीची काळजी घ्यायची ती सगळी घेतलेली, आणि एका पंख्याची घरघर थांबली म्हणून तीन रात्री जागलेला.

“पाडवा जवळ आला, महाराज,” तो म्हणाला. “ते मशीन सोडवत नाही आणि नेताही येत नाही. माझी नोकरी जाईल. मला काहीतरी सांगा.”

महाराजांनी हात पुढं केला.

“फोन दे.”

पुष्करला वाटलं, फोनवरून हात फिरवून देणार. त्यानं दोन्ही हातांनी, प्रसाद घेतात तसा, तो पुढं केला.

“खात्यात तुझ्याखाली कोण आहे?”

“रेवती कुंभोजकर. हुशार आहे. पण तिला एकटीला...”

“लाव तिला.”

त्यानं लावून दिला. महाराज बोलायला लागले.

“ताई, मी मठातून बोलतोय. कपाटामागचं ते मशीन आहे ना, ते बंद करा... हो, तेच, कागद लावलेलं. दहा दिवस बंद राहू द्या. कुणी ओरडलं तर लगेच प्लग लावा आणि कशाला हवं होतं ते विचारून ठेवा... केलंत? इतक्यात? छान.”

पुष्करचं तोंड उघडंच राहिलं.

“आणि सबनीस साहेब तोवर इथं राहतील. त्यांच्यावाचून अडलं, तर मठाच्या फोनवर सांगा, मी त्यांना तासाभरात पाठवून देतो... काय म्हणालात?... बरं बरं.”

महाराजांनी फोन खाली घेतला. कडेचं बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला, तसा त्यांनी तो शेंगांच्या पोत्यात टाकला.

“काय म्हणाली ती?” पुष्करनं विचारलं.

“म्हणाली, साहेबांना सावकाश येऊ दे.”

पुष्कर उठला, बसला, पुन्हा अर्धवट उठला.

“महाराज, माझा फोन बंद केलात?”

“हो.”

“पण मी दहा दिवस नाही म्हणजे... म्हणजे तिथं सगळं माझ्यावर... तिथं पान हलत नाही हो माझ्याशिवाय!”

“गोदाक्का जेवायला चांगलं घालतात,” महाराज म्हणाले. “खुणा करायची गरज नाही.”

...

मठाचा फोन कोनाड्यात आहे. पुष्करनं त्याच्याकडं पाहिलं. मग आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. फोन वाजत नव्हता.

...

बऱ्याच वेळानं पुष्कर बोलला. आवाज एकदम लहान झाला होता, आणि डोळे अजून कोनाड्याकडंच होते.

“महाराज... आणि दहा दिवसांत कुणीच ओरडलं नाही, तर?”

महाराजांनी एक शेंग फोडली आणि दाणे त्याच्या हातावर ठेवले.

“मशीनसाठी, की तुझ्यासाठी?”