केतकीचा संकल्प

एका राज्यात, जिथं ढग राजाला विचारून गडगडत आणि मोर दरबारात हजेरी लावून मगच नाचत, तिथं चंडमुकुट नावाचा राजा होता. त्याला एकच कन्या, केतकी. तिचं लग्न अजिंक्यसेन नावाच्या राजपुत्राशी झालं, तेव्हा राजानं जावयाला एक मळा आंदण दिला. मळा केवढा? चार बैलजोड्या एकाच वेळी वळल्या तर शिंगांत शिंगं अडकतील, एवढा. राजानं तो दिला, कारण तो कोणी घेत नव्हतं.

त्या मळ्याला शाप होता. कराळकंठ नावाच्या मांत्रिकानं घातलेला. मळ्याच्या धन्यानं आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी तळहातावर पाणी घेऊन संकल्प सोडायचा, की वर्षभरात या जमिनीवर मी अमुक करीन. पुढच्या आखितीपर्यंत तो संकल्प दाण्यानंही उणा राहिला, तर धनी पक्षी होऊन विहिरीकाठच्या बाभळीवर बसायचा. कोणा एकाचा संकल्प पुरा झाला, की सगळे सुटायचे. आजवर एकाचाही झाला नव्हता. बाभळीवर मोठमोठे राजे बसलेले होते. कोणी पारवा, कोणी कोतवाल पक्षी, एक महाराजाधिराज तर टिटवी झालेले.

याचं कारण असं, की त्या राज्यात राजघराण्यातल्या माणसानं संकल्पात सहस्राहून खालचा आकडा उच्चारायचा नाही, अशी चाल होती. अजिंक्यसेनानं मोठ्या थाटात पाणी सोडलं होतं: सहस्र आम्रवृक्ष, सहस्र गायी, कमळांचं सरोवर, आणि दारी येईल त्याला पोटभर मिष्टान्न. वर्ष सरलं तेव्हा मळ्यात तीन आंब्याची रोपं होती, आणि त्यातलं एक बकरीनं खाल्लं होतं. संकल्पाची घटका भरली आणि राजपुत्राचा हुदहुद पक्षी झाला. डोक्यावरचा तुरा तेवढा शिल्लक राहिला.

मळा आता केतकीकडे आला. वाचस्पती भट ताम्हण घेऊन हजर झाले.

"बाईसाहेब, पाणी सोडावं. सहस्र काय म्हणायचं ते ठरवलंत?"

"भटजी, थोडं थांबा. आधी मी विचारून येते."

"कोणाला?"

"ज्याला करायचंय त्याला."

ती विहिरीपाशी गेली, कठड्यावर वाकली आणि म्हणाली, "विहीरबाई, वर्षभर किती पाणी द्याल?"

विहीर बोलली. त्या राज्यातल्या विहिरी बोलत, पण त्यांना विचारावं लागे. "दिवाळीपर्यंत हवं तेवढं ने. होळीनंतर सकाळी चार घागरी, संध्याकाळी दोन. त्यापुढे मागशील तर चिखल देईन."

"माझ्या नवऱ्याला हे का नाही सांगितलंत?"

"त्यानं विचारलं कुठं? तो मला सरोवर म्हणून हाक मारून गेला."

मग केतकी वारुळापाशी गेली. वारुळातून म्हातारा नाग बाहेर आला. "मातीचं मी सांगतो. उगवतीला वीतभर माती, खाली नुसता मुरूम. तिथं गवताशिवाय काही मागू नकोस. मावळतीला चांगली काळी आहे, पण बांध फुटलाय. दर पावसात ओंजळ ओंजळ ओढ्याला जाते."

तिसरा प्रश्न तिनं स्वतःच्या हातांना विचारला. हातांना तोंड नव्हतं. म्हणून तिनं कुदळ घेतली आणि सूर्य डोक्यावर येईतो खणलं. दोन्ही तळव्यांना फोड आले. उत्तर कळलं.

तिनं परत येऊन फोडांच्या हातावर पाणी घेतलं. "मी केतकी, या मळ्याचा मावळतीचा बांध बांधीन. एक पायली जोंधळा पिकवीन. एक वाफा वांगी करीन. आणि पुढच्या आखितीला दारी येईल त्या पहिल्या पाहुण्याला या मळ्यातली एक भाकरी आणि वांग्याची भाजी वाढीन."

भटजींच्या हातातली पळी खाली पडली. "बाईसाहेब, एक? एक तर माझी सूनसुद्धा म्हणत नाही. निदान एखादं सहस्र शोभेला तरी घाला."

"शोभेचं पाणी कोण घालणार, भटजी? तुम्ही?"

भटजींना तेवढ्यात दुसरीकडचं मुहूर्ताचं काम आठवलं.

बाभळीवर तर हलकल्लोळ माजला. "राजकन्या म्हणे," टिटवी किंचाळली, "एक वाफा." पारव्यानं मान आत घातली. "लाज आणली सगळ्या फांदीला." हुदहुद तुरा फुलवून म्हणाला, "प्रिये, माझ्या सुटकेची किंमत एक वाफा वांगी?"

"तुम्ही सहस्रानं बांधून घेतलंत," केतकी म्हणाली, "मी एकानं सोडवून बघते."

पाऊस आला तोवर बांध उभा होता. त्या पावसात कराळकंठ रोपविक्याचं सोंग घेऊन आला, सोबत आंब्याच्या रोपांनी भरलेली गाडी. "सगळी फुकट. फक्त संकल्पात तेवढी जोडून घ्या."

"झाडं छान आहेत. पण होळीनंतर मी त्यांना काय पाजू? पुढच्या वर्षी बघू."

थंडीत तो राजदूत होऊन आला, सोनेरी झूल घातलेला हत्ती घेऊन. केतकी पायली भरेल एवढी जोंधळ्याची कणसं खुडत होती. तिनं हत्तीकडे पाहिलं, मळ्याकडे पाहिलं. "हा वळणार कुठं?" तिनं विचारलं. हत्तीनंही इकडंतिकडं पाहिलं आणि त्याला ते पटलेलं दिसलं. तो आपणहून माघारी निघाला.

उन्हाळ्यात विहीर खाली गेली. चार घागरी सकाळी, दोन संध्याकाळी. तेवढ्यात एक वाफा जेमतेम भागे. त्यातच वांग्यांना कीड लागली. केतकी पानं उलटून उलटून किडे वेची, पण हात दोनच होते. वाफा गेला तर संकल्प गेला, नवरा गेला, आणि टिटवीशेजारची रिकामी फांदी तिचीच.

नेमका तेव्हाच कराळकंठ तिसऱ्यांदा आला, काखेत एक काळा ढग दाबून. "हा ढग रोज बरसेल, कीडही धुऊन नेईल. फक्त एका वाफ्याचे सहस्र म्हण."

केतकीनं ढगाकडे पाहिलं, किडक्या पानांकडे पाहिलं. तेवढ्यात पानांखाली काहीतरी हललं. हुदहुद फांदीवरून उतरून वाफ्यात आला होता आणि लांब चोचीनं एकेक अळी उचलत होता. तुरा मातीनं माखला होता.

"राजपुत्राला हे शोभतं का?" मांत्रिक म्हणाला.

"शोभत नाही," हुदहुद तोंडातली अळी गिळून म्हणाला, "पण लागते बरी. इथून निघा आता, रांग संपवायचीय."

केतकी हसली. "पुढच्या वर्षी बघू," तिनं मांत्रिकाला सांगितलं.

आखिती उजाडली. चुलीवर भाकरी फुगली, वांग्याच्या भाजीचा वास बाभळीपर्यंत गेला आणि महाराजाधिराज टिटवी गप्प झाले. पहिला पाहुणा दारी आला तो कराळकंठ, सोंगाशिवाय, स्वतःच्याच रूपात, काखेत तोच काळा ढग. तो पाटावर बसला. एक भाकरी, वांग्याची भाजी. दोन घासांत ताट लख्ख झालं.

"माझं पोट भरलं नाही," तो म्हणाला. "आजवर कोणाकडेच भरलं नाही. सगळे इथंही हरले."

"पोटभर मी म्हटलंच नव्हतं," केतकी म्हणाली. "एक म्हटली होती. एक वाढली."

त्याबरोबर जमीन एकदा हलली, आणि बाभळीच्या फांदीवर पाखरांच्या जागी मुकुटांसकट राजे बसलेले दिसले. एवढे राजे पेलायची त्या फांदीला सवय नव्हती. ती मोडली. सगळे एकमेकांवर पडले आणि कोणाचा मुकुट कोणता, यावर तिथंच वाद सुरू झाला. अजिंक्यसेन मात्र वाफ्यातच उभा होता, गुडघ्यापर्यंत मातीनं माखलेला.

कराळकंठ उठायला लागला. केतकीनं त्याच्या ताटात दुसरी भाकरी टाकली.

"ही कशाला? संकल्प पुरा झाला."

"तो झाला. ही माझ्या मनाची. बसा, भाजी गरम आहे."

मांत्रिक परत पाटावर टेकला. मग हळूच बोलला, "याच मळ्यात एका राजानं सहस्रभोजन बोललं होतं. मी पंगतीत शेवटचा बसलो होतो. माझ्यापर्यंत काही आलंच नाही."

केतकीनं भाजी वाढली. तिसऱ्या भाकरीला त्यानं ढेकर दिली, हात धुतला, आणि काखेतला ढग विहिरीवर मोकळा सोडून निघून गेला. राजे आपापल्या राज्यांत गेले. राजा चंडमुकुटानं दवंडी पिटवली, की आजपासून संकल्पात ज्याला जेवढं झेपेल तेवढंच म्हणावं.

संध्याकाळी भटजी ताम्हण घेऊन आले. यंदा अजिंक्यसेनानं तळहातावर पाणी घेतलं. छाती फुगली, डोळे आंब्याच्या दोन रोपांकडे गेले, आणि त्याचं तोंड उघडलं.

"दोन वाफे वांगी," तो म्हणाला, "आणि दोन शेळ्या."

"चारा?"

तो उगवतीच्या मुरमाडाकडे वळला. तिथलं गवत त्यानं मनातल्या मनात कापलं, भारे बांधले, मोजले.

"एक शेळी," तो म्हणाला, आणि पाणी सोडलं.

त्यांचा वाफा जसा बहरला, तशी ऐकणाऱ्यांची परसं बहरोत.