लुगल राजाची वार्षिक थप्पड

"त्या उबारला त्याच्याच विटांच्या भिंतीत चिणून टाका!" असं लुगल उरमेशूने फर्मावलं, तेव्हा उबारची बायको अहातुम घरी जवाची बिअर गाळत बसली होती.

लुगल म्हणजे राजा. युफ्रेटिस नदीकाठी राजाला तसंच म्हणत. या राजाला आभाळाला टेकेल असं झिगुरात, म्हणजे टप्प्याटप्प्यांचं उंच देऊळ, बांधायचं होतं आणि त्याच्या विटेविटेवर स्वतःचं नाव हवं होतं. देवाचं देऊळ, पण नाव महाराजांचं! उबार बिचारा वीटकरी. ओल्या विटेवर नावाचा शिक्का मारायचा, एवढंच त्याचं काम. ती खिळ्यांसारखी अक्षरं त्याला चिमणीने नाचून ठेवल्यासारखी दिसायची, सुलटी काय नि उलटी काय! व्हायचं तेच झालं. देवळाचा अख्खा टप्पा चढला आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की महाराजांचं नाव सगळीकडे डोकं खाली, पाय वर करून उभं आहे!

नवऱ्याची शिक्षा ऐकताच अहातुम हातातलं गाळणं टाकून राजवाड्याकडे धावली. वाटेत शेजारणीने हटकलं, "काय गं, एवढ्या घाईने कुठे?" तर तिच्याशी एक शब्द बोलली नाही. यावरून समजा, बाईची काय अवस्था असेल ती!

दरबारात भलताच गोंधळ चालला होता. अकितू, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाचा सण, तोंडावर आला होता. त्या सणाची रीत मोठी झकास! राजाने देवासमोर मुकुट उतरवायचा आणि मुख्य पुजाऱ्याने त्याच्या थोबाडीत द्यायची. राजाच्या डोळ्यांत पाणी आलं, की देव खूश आणि वर्ष सुखाचं. नाही आलं, तर नदी कोपणार!

मुख्य पुजारी एनकाली हे काम फार भक्तिभावाने करायचा. गेल्या वर्षी त्याची भक्ती इतकी उतू गेली, की महाराजांचा गाल डाळिंबासारखा सुजला आणि परराज्यांच्या वकिलांना पडद्याआडून भेटायची पाळी आली.

"या वर्षी मला कुणी बोट लावायचं नाही!" लुगल गरजला. "पण पाणी आलंच पाहिजे!"

दरबाऱ्यांनी सगळं करून पाहिलं. मुख्य लेखनिकाने महाराजांच्या नाकाखाली कांदा चिरला. एनकालीने नाक मुरडलं, "छे! हे कांद्याचं पाणी. देवाला महाराजांच्या मनातलं हवं!" मग दरबारी कवीने नुकत्याच लिहिलेल्या, अजून ओल्या मातीच्या पाट्यांची चळत पुढ्यात घेऊन शोकगीत सुरू केलं. दरबारी रडले, पहारेकरी रडले, ऐकता ऐकता कवी स्वतःच रडला. महाराज मात्र मस्त घोरत होते!

जागे झाले ते आणखीच चिडून. नेमकी तेव्हाच अहातुम पुढे आली.

"महाराज, माझा नवरा सोडा."

"ज्याने माझं नाव उलटं टांगलं, तो?"

"महाराज, देव बसतो वर आकाशात. वरून वाकून बघणाऱ्याला ते सुलटंच दिसणार!"

दोन-चार जण फिसकन हसले. लुगलच्या कपाळावरची आठी मात्र हलली नाही. "फार चुरुचुरु बोलतेस गं! मग ऐक. मला हात न लावता माझ्या डोळ्यांत पाणी आण. आणलंस तर नवरा तुझा. नाहीतर त्याच्या शेजारी तुलाही चिणतो."

एनकाली गालातल्या गालात हसला. "बाई, मी एवढा शिकलेला, मलाही हाताशिवाय कधी जमलं नाही!"

अहातुमने त्याच्याकडे एकदा नीट बघितलं. तुळतुळीत डोकं, तेलाने चकाकणारे गाल, दानाच्या खजुरांवर पोसलेली हनुवटी.

"महाराज, हुकूम पुन्हा एकदा सांगा. हात कुणाला लावायचा नाही?"

"मला!"

"फक्त तुम्हाला?"

"दुसऱ्या कुणाला लागला तर माझं काय जातंय?"

"हेच ऐकायचं होतं," असं म्हणून अहातुम वळली आणि जन्मभर जवाचं पीठ तिंबलेला हात तिने पुजाऱ्याच्या गालावर ठेवून दिला!

फाडकन आवाज घुमला. एनकालीने गिरकी घेतली, कवीच्या पाट्यांवर आदळला आणि त्या ओल्या शोकगीतात तोंड खुपसून बसला. वर आला तेव्हा गालावर अर्धं कडवं उमटलेलं, आणि तेही उलटं!

सिंहासनावरून आधी एक 'खीः' आली, मग 'खीखी', आणि मग लुगल उरमेशू असा हसत सुटला, की मुकुट एका कानावर आला. पोट धरलं, मांड्या थोपटल्या, "अरे, पुरे, पुरे!" म्हणाला, पुन्हा पुजाऱ्याकडे बघितलं आणि पुन्हा फुटला. हसता हसता डोळ्यांतून धारा लागल्या त्या थेट दाढीपर्यंत!

"आलं पाणी!" अहातुम ओरडली.

"चालणार नाही!" गाल चोळत एनकाली किंचाळला. "हे हसण्याचं पाणी आहे!"

"मनातलं आहे की नाही, ते महाराजांनाच विचारा. शेतात पाटाचं पाणी आलं, की आम्ही त्याला विचारत नाही, बाबा, तू डोंगरावरच्या बर्फाचं की पावसाचं?"

"पण रीत! थप्पड माझ्या गालावर आणि पाणी महाराजांच्या डोळ्यांत, असं कुठे असतं?"

"असतं की, पुजारीबुवा! चूक वाड्यात होते, थप्पड आमच्या गालावर बसते आणि पाणी आमच्या पोराबाळांच्या डोळ्यांत येतं. आम्ही कधी म्हटलं, चालणार नाही?"

लुगलचं हसू क्षणभर थांबलं. त्याने अहातुमकडे पाहिलं, मग पुजाऱ्याच्या गालावरच्या कडव्याकडे पाहिलं, आणि पुन्हा असा खदखदला, की सेवकांना त्याला धरून बसवावं लागलं.

"सोडा त्या वीटकऱ्याला!" डोळे पुसत तो म्हणाला. "या बाईच्या घरी गाडीभर जव पोचवा. आणि बाई, दर वर्षी अकितूला यायचं हं! एनकाली, तुम्हीही यायचं. गाल घेऊन!"