तळघरातली खोली

अमेरिकेतल्या एका राज्याच्या विधानसभेत अध्यक्ष वेंडेल क्रूगर यांचा भारी दरारा. आमदारांना खोल्या तेच वाटत. गावोगावच्या शाळा बंद करायच्या विधेयकावर त्यांच्याच पक्षाच्या लोरेटा हिंक्लीबाईंनी पक्षाविरुद्ध मत दिलं. दुसऱ्याच दिवशी क्रूगरांनी बाईंना तळघरातल्या झाडू ठेवायच्या खोलीत बसवलं.

वर्षं सरली आणि बाईच अध्यक्ष झाल्या. क्रूगर खालमानेनं किल्ली मागायला आले.

"तळघरातलीच ना?"

"छे हो! वरची, मोठ्या खिडक्यांची घ्या," बाई म्हणाल्या. "तळघरात बसायला एकदा तरी स्वतःच्या मनानं मत द्यावं लागतं."

वीस वर्षांतलं तसं एकही मत क्रूगरांना आठवेना. लख्ख उजेडाच्या खोलीत शिरताच त्यांनी आधी पडदे ओढले.