पायांच्या वासाची वाट

फार मागे, एका ओढ्याच्या दोन काठांवर मुंग्यांची दोन वारुळं होती. मध्ये फाटेच फाटे फुटलेली बाभळीची फांदी आडवी पडली होती. अलीकडची काजळी मुंगी एकदा तिच्यावरून पलीकडच्या ठिणगी मुंगीला ज्वारीचा दाणा देऊन आली. दुसऱ्या दिवशी ठिणगी आली आणि इकडची ओल लागलेली अंडी उन्हात मांडून गेली. मग दोन्हीकडच्या शेजारणी जाऊ-येऊ लागल्या. त्यांच्या पायांच्या वासानं फांदीवर वाट पडली. मुंग्यांना वाट वासानंच तर कळते.

हे कानावर गेलं तशा दोन्हीकडच्या पुढारणी जाग्या झाल्या. फांदीवर सभा भरली, दोन्ही वारुळं बहिणी-बहिणी म्हणून जाहीर झाली, झेंडूच्या पाकळ्यांचा सडा पडला.

"आता ही मानाची फांदी," थोरली पुढारीण म्हणाली. "ऊठसूट कुणी तुडवायची नाही."

"अहो बाई, तुडवली नाही तर वाट राहील कशी?" काजळीनं विचारलं.

"तुला मेलीला सोहळ्यातलं काय कळतंय!"

फांदीवरचं जाणं-येणं थांबलं, पाकळ्या तिथंच कुजल्या. पुढं ओढ्याला लोंढा आला आणि पलीकडचं वारुळ बुडू लागलं. ठिणगी आणि तिच्या शेजारणी तोंडात अंडी धरून फांदीवर धावल्या. तिथं नुसता कुजका वास. रांगा भलत्याच फाट्यांवर वळल्या आणि टोकाशी जाऊन खाली पाण्यात पडल्या. अलीकडून काजळी हाका मारत होती. पाण्याच्या आवाजात एकही हाक पोचली नाही.

पाणी ओसरल्यावर अलीकडच्या पुढारणींनी बहीण-वारुळासाठी दुखवट्याची सभा भरवली. काजळी सभेला गेली नाही. ती फांदीवरून जात होती, येत होती. पलीकडे आता कुणी नव्हतं.