आवडाबाईचा अंगठा

आवडाबाईचा अंगठा काही केल्या उमटेना. कारकुनाने तो शाईत बुडवला, तांब्याच्या पट्टीवर दाबला, पुसला, परत दाबला. दर वेळी नुसता काळा डाग! शेवटी कंटाळून तो म्हणाला, "बाई, तुझ्या अंगठ्याला रेघाच नाहीत. म्हणजे दरबाराच्या लेखी तू नाहीसच."

एकोणीस वर्षं आवडाबाई नभापूरच्या राजाचं विमान घासत होती. पितळी पत्र्याचं ते अवाढव्य धूड चिंच नि राख लावून रोज लख्ख करायचं, मग अंगठ्यावर रेघा राहतील कुठून? पण पट्टी नसेल तर काम बंद, असा हुकूम होता. काम सुटलं की विमानतळामागची तिची खोलीही जाणार होती.

हे पट्टीचं खूळ प्रधान बुद्धिसागरांचं. नाव बुद्धिसागर, पण सागर कधीच आटलेला. एके दिवशी जेवता जेवता त्यांच्या मनात आलं, की विमानतळावर कोण येतं नि कोण जातं, याचा काही भरवसा नाही. झालं! विमान हाकणारे, दोर ओढणारे, घासणारे, सगळ्यांनी दहा बोटांचे ठसे द्यायचे, डोळ्यांचं चित्र काढून घ्यायचं आणि ती पट्टी गळ्यात अडकवून फिरायचं. विमानातून मिरवणाऱ्या सरदारांना मात्र पट्टी नको. शेटजींच्या पेट्यांत काय भरलंय, तेही कुणी विचारायचं नाही. आम्हीच का, असं लोकांनी विचारलं, तर प्रधानजी म्हणाले की आधी तुमच्यावर करून बघू, जमलं तर गावाला लावू. म्हणजे ही माणसं नव्हेतच, नवीन औषध चाटवून बघायच्या शेळ्या!

विमान हाकणारा म्हातारा मल्हारबा चिडलाच. "महाराजांना बायकामुलांसकट ढगात घेऊन जातो, तेव्हा मी विश्वासाचा," तो म्हणाला, "आणि जमिनीवर उतरलो की चोर?"

प्रधानजींनी लगेच त्याचं नाव उद्धटांच्या यादीत लिहून घेतलं.

मग सगळेच दरबारात गेले, आवडाबाईला पुढे घालून. राजा चंडप्रताप मुलखाचा हट्टी. एकदा तोंडातून शब्द गेला की मागे घेणार नाही, आणि तो चुकीचा असला तर मुळीच नाही. त्याने आवडाबाईचा गुळगुळीत अंगठा उलटसुलट करून पाहिला आणि त्याला मोठी गंमत वाटली.

"तीन दिवसांची मुदत देतो," तो म्हणाला. "चौथ्या दिवशी सासरेबुवांना घेऊन मी विमानतळावर येतोय. तिथे मला रेघा असलेला अंगठा दाखव, नाहीतर गाठोडं बांध."

रेघा काय मेथीसारख्या उगवतात का, असं मल्हारबा पुटपुटला. ते आमचं काम नाही, असं राजा म्हणाला आणि दरबार हसला. राजा काहीही बोलला तरी तो हसायचाच, त्याच कामावर होता तो.

 आवडाबाई काही रडत बसणारी बाई नव्हे. तिने हात जोडले आणि सांगितलं, की महाराज, एकटीला उभं केलंत तर लोक म्हणतील राजा एका गरीब बाईच्या मागे लागला. त्यापेक्षा सगळ्यांनाच हुकूम करा. आपण पालखीतून उतरलात की प्रत्येकाने हात उंच करून आपल्याला अंगठा दाखवायचा, आणि न दाखवेल त्याची नोकरी गेली.

राजा खूश झाला. चला, आली ही मंडळी वठणीवर! प्रधानजी तर त्याच्याहून खूश. संध्याकाळच्या आत त्यांनी हुकमावर शिक्का मारून गावभर दवंडी पिटवली.

चौथा दिवस उजाडला. आपल्या राज्यात शिस्त कशी कडक आहे, हे राजाने सासरेबुवांना वाटेत चारदा ऐकवलं. पालखी टेकली, राजा उतरला, आणि रांगेतल्या दोनशे माणसांनी एकदम हात वर करून दोनशे अंगठे त्याच्या नाकासमोर धरले. कुणी हूं की चूं केलं नाही. दोघाचौघांनी तर अंगठा जरा हलवूनही दाखवला.

सासरेबुवा जागच्या जागी थांबले.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "आमच्याकडे असा अंगठा दाखवला, तर 'काही मिळायचं नाही, चालते व्हा' असा अर्थ होतो. तुमच्याकडे याला मुजरा म्हणतात का?"

राजाचे कान लालबुंद झाले. प्रधानजी पुढे होऊन ठसे, पट्टी, सुरक्षा असं काहीबाही समजावू लागले, पण सासरेबुवांनी तोंडावर उपरणं धरलं होतं आणि त्यांचे खांदे गदगदत होते. ते बघून राजाचा तोल गेला.

"खाली घ्या ते अंगठे!" तो ओरडला. "यापुढे ज्याने कुणी मला अंगठा दाखवला, त्याची नोकरी गेलीच म्हणून समजा!"

दोनशे अंगठे खाली आले. एवढ्यात प्रधानजींना आठवण झाली. घाईघाईने ते म्हणाले, "महाराज, त्या बाईची मुदत आज संपली. आवडे, हो पुढे. दाखव महाराजांना अंगठा."

आवडाबाई पुढे आली खरी, पण हात पदराखाली झाकून.

"कसा दाखवू, प्रधानजी?" ती म्हणाली. "अंगठा दाखवला की नोकरी जाते, असं महाराज आत्ताच म्हणाले. मला तर नोकरी ठेवायचीय."

प्रधानजींनी राजाकडे पाहिलं. राजाने काही बोलायला तोंड उघडलं, पण बोलणार काय? शब्द त्याचाच, सासऱ्यादेखत दिलेला, आणि मागे घ्यायची तर सवय नाही.  सासरेबुवांना ते चेहरे पाहून राहवेना. त्यांनी उपरणं सोडून दिलं आणि ते पोट धरून हसत सुटले. मग राजालाही हसू फुटलं, इतकं की मुकुट काढून हातात धरावा लागला.

आवडाबाईची नोकरी राहिली आणि खोली तिला कायमची मिळाली. विमानतळावरची अंगठ्यांची तपासणी त्याच दिवशी बंद झाली. वर बक्षीस म्हणून राजाने सगळ्या पट्ट्या वितळवून तिला एक भलाथोरला हंडा घडवून दिला. तो लख्ख घासून तिच्या दारात पोचवायचं काम प्रधान बुद्धिसागरांकडे आलं.