समजले, आई

"पण मग हवा ओली का होत नाही?"

एवढे विचारून बनू कूस बदलून झोपली. झोप उडाली ती तिच्या आईची.

वाळत घातलेल्या कपड्यांतले पाणी वाफ होऊन हवेत जाते, असे द्वारकेने लेकीला सांगितले होते. सांगितले कसले, वाचून दाखवले होते, स्वतःच लिहिलेल्या पुस्तकातून. बायका-मुलांसाठी सृष्टीज्ञान, आई आणि मुलीच्या संवादातून. त्यातली मुलगी प्रत्येक धड्याच्या शेवटी शहाण्यासारखी म्हणे, "समजले, आई." घरातली मात्र...

उद्या तोच धडा छापायला जायचा होता. नवऱ्याने अर्ध्या साताऱ्याला सांगून ठेवले होते. सासूबाई म्हणाल्या होत्या, कपडे का वाळतात ते गावाला खुशाल शिकव, आधी आपले दोरीवरून काढून आण. आणि पाच वर्षांच्या पोरीपुढे गप्प बसणारी बाई पुस्तक लिहायला निघाली होती.

सकाळी ती पुस्तकाची वही आणि बनूला घेऊन आबा मास्तरांच्या शिळाछापखान्यात गेली. ग्रहताऱ्यांची ओळख करून देणारी एक छोटी पुस्तिका मास्तरांनी पूर्वी छापली होती. गुरू सांगतो, शिष्य ऐकतो. त्या भागात तसले पुस्तक तेच पहिले. द्वारकेने लहानपणी ते तोंडपाठ केले होते. ते हाती पडले नसते तर आपण पाटपाण्यातच राहिलो असतो, हे ती विसरली नव्हती.

"मास्तर, छापू नका. मला येत नाही," ती म्हणाली.

काय येत नाही, ते त्यांनी विचारून घेतले. मग बनूला समोर बसवले आणि तो धडा सावकाश वाचला. शेवटच्या ओळीशी थांबले.

"आता तुझी पाळी. म्हण, समजले, आई."

"पण मला नाही समजलं."

"इथे तसं लिहिलंय."

"मग लिहिणारीला म्हणू दे."

लिहिणारी खाली बघत राहिली.

"द्वारके, माझ्या पुस्तकातला शिष्य धडा संपला की काय म्हणायचा?"

"समजलो, गुरुमहाराज." ते तिच्या ओठांवरच होते.

"तुला समजायचं?"

"नेहमी नाही."

"मग काय करायचीस?"

"मला वाटायचं, त्याला समजतंय, म्हणजे माझंच डोकं कमी."

मास्तरांनी टाक शाईत बुडवला आणि "समजले, आई" या ओळीवर आडवी रेघ मारली. पुढचे पान उलटले, तिथलीही खोडली. मग त्याच्या पुढची...

शाई सुकायची वाट न बघता द्वारका त्यांच्या पायाशी वाकली. तुमच्यामुळेच मी वाचायला लागले, एवढेच कसेबसे म्हणाली.

"पण मास्तर, धडा अर्धाच राहिला," ती उठत म्हणाली. "मुलीनं आता काय म्हणायचं?"

मास्तरांनी टाक तिच्या हातात दिला.

छपाईचा दगड कोरडा पडला तर शाई पसरते, म्हणून कारागीर त्यावर पुन्हापुन्हा ओले फडके फिरवत होता. बनू केव्हाच तिकडे सरकली होती. दगडाच्या वर, न टेकवता, तिने तळवा धरला होता. ओल बघता बघता कडेकडून आत आक्रसत गेली, नाहीशी झाली. बनूने तळवा उलटा करून पाहिला. गालाला लावून पाहिला.

"मला काय विचारतेस," मास्तर द्वारकेला म्हणाले. "ती बोलेल ते लिही."

बनू म्हणाली, "आई, पाणी माझ्या हातावरूनच गेलं असणार. मग मला न भिजवता कसं गेलं?"